दोन पेले बिटाचा रस

व्यायामशाळेत गेलो त्या पहिल्याच संध्याकाळी वस्तादांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. चपला बाहेर काढायच्या, आणि खुराक कोणाला विचारायचा नाही, कोणाला सांगायचा नाही. चपलांचं कारण समोरच होतं, दाराशी शेंदूर लावलेला मारुती. खुराकाचं कारण मी विचारलं तेव्हा बाजूला डंबेल मारणारा एक जण फिसकन हसला.

"सांगितलेला खुराक अंगी लागत नाही," वस्ताद म्हणाले. "दृष्ट लागते. कळलं?"

मी मान हलवली. त्या वयात मला न कळलेल्या गोष्टींवरही मान हलवायची सवय होती. मालवणाकडच्या माझ्या गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची खाडीपलीकडे. माझी सातवी झाली त्या वर्षी वडील आजारी पडले आणि खाडी ओलांडायचं राहूनच गेलं. तीन-चार वर्षं इकडेतिकडे कामं करून मी भांडुपला आलो. डोंगराच्या उतारावरच्या चाळीत आमच्या गावकऱ्यांची एक खोली होती, तिच्यात आम्ही आठ जण. बाकीचे वयाने मोठे. गिरण्या बंद पडल्यावर कोणी वॉचमन झालेला, कोणी भाजीच्या धंद्यात पडलेला. मी लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवणाऱ्या एका लहान कारखान्यात हेल्पर होतो. दिवसभर ॲसिडचा वास, घशाला कोरड, आणि कोरड घालवायला काळा चहा.

व्यायामशाळा म्हणजे पत्र्याची लांबट शेड. बारबेल आम्हीच केलेले. पत्र्याच्या डब्यात सिमेंट ओतायचं, मधे नळी बसवायची, झालं. दोन्ही बाजूंचं वजन कधी सारखं नसायचं, त्यामुळे आमच्यातल्या निम्म्या लोकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा जाड होता. कोपरा फुटलेला एक उंच आरसा होता. घाम आला, अंग तापलं, की त्याच्यापुढे उभं राहून दंडावरची नस बघायची. नस फुगली म्हणजे रक्त पळतंय. रक्त पळतंय म्हणजे व्यायाम लागतोय. आमचं सगळं शास्त्र एवढंच होतं.

आणि ते रक्त पळवण्यासाठी प्रत्येकाचं काहीतरी गुपित होतं. नियमाप्रमाणे कोणी सांगत नसे, पण शेड एवढीशी, लपणार किती? एक जण व्यायामाच्या आधी मागच्या बाजूला जाऊन भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा तोंडात टाकायचा. लांबून येणारा एक जण बाटलीतून काळी कॉफी आणायचा, लिंबू पिळलेली. त्याला वाटायचं ती आम्हाला औषध वाटते. एकाचा मेव्हणा आखातात होता. त्याने पाठवलेला एक डबा फडक्यात गुंडाळून यायचा. त्यातली पावडर तो पाठमोरा होऊन पाण्यात ढवळायचा, आणि त्या दिवशी दोन जोर जास्त मारायचा. डब्यावर काय लिहिलंय ते त्यालाही वाचता येत नव्हतं. एकदा कोणीतरी म्हणालं, "अरे, लहान पोरांचं दूध असेल ते." तो आठ दिवस कोणाशी बोलला नाही.

आज माझा मुलगा मुलुंडच्या जिममध्ये जातो. जायच्या अर्धा तास आधी लाल पावडर पाण्यात टाकून बाटली खडखडा हलवतो. डब्यावर बिटाचं चित्र आहे. "पप्पा, याने रक्तवाहिन्या रुंद होतात, पंप मस्त येतो," असं त्याने मला समजावलं. मी म्हटलं, बरं. बिटाशी माझी ओळख किती जुनी आहे ते त्याला सांगायला बसलो असतो तर त्याची बस चुकली असती. म्हणून इथे लिहितो.

गणपती होऊन गेल्यावर आमच्या कारखान्याच्या मालकाने सांगून टाकलं की सगळं सामान वापीला हलणार. दिवाळीनंतर इथे काम नाही. खोलीत रिवाज असा होता की काम सुटलेल्या माणसाने महिनाभर राहावं आणि मग गावी जावं. जागा दुसऱ्याला लागते. मला कोणी बोललं नव्हतं, बोललंही नसतं. पण आपलं अंथरूण आता भिंतीपासून दाराकडे सरकतंय, असं मला उगाचच वाटायला लागलं. गावी परत जाणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. तिथे माझ्यासाठी कामच नव्हतं. आईने मात्र आपल्या मुलाचं वाडीभर सांगून ठेवलं होतं, झील मुंबैक आसा.

त्याच सुमारास वस्तादांनी बातमी आणली. मुलुंडच्या एका मोठ्या कंपनीत फायरमन घेणार होते. कंपनीची स्वतःची आगीची गाडी, स्वतःची माणसं. शिक्षण सातवी पास चालेल. धावणं, दोर चढणं, पन्नास किलोची गोणी खांद्यावर घेऊन पळणं, आणि मग डॉक्टरी. नोकरी कायम.

"तुझ्यासाठीच काढलीय बघ," वस्ताद म्हणाले.

"धावण्यात मरेन मी, वस्ताद."

"धावून दाखव आधी, मग मर."

चाळीच्या खालच्या मैदानात त्यांनी मला पळवलं. दोन फेऱ्या ठीक गेल्या. तिसरीला छाती भात्यासारखी व्हायला लागली, चौथीला डोळ्यांपुढे काजवे. मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो. वस्ताद जवळ आले, माझे ओठ बघितले, बोटांची नखं दाबून बघितली आणि इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले, "रक्त कमी पडतंय तुझं. बीट पी. कच्चा रस, सकाळी, उपाशीपोटी. आणि गप्प बस."

बीट ही भाजी मी तोवर फक्त सँडविचवाल्याकडे बघितली होती.

आमच्या चाळीत खालच्या अंगाला एक मावशी खानावळ चालवायच्या. खानावळ म्हणजे त्यांची खोलीच, दोन बाकडी आणि एक स्टोव्ह. आमच्याच बाजूच्या, वेंगुर्ल्याकडच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. पंचवीस माणसं जेवायची आणि पंचवीसही जणांना वाटायचं, मासळीचा मोठा तुकडा आपल्याला मिळतो. मी त्यांना बिटाचं सांगितलं, अर्थात दबक्या आवाजात.

"बीट? ता कित्याक रे?"

"रक्त वाढतं म्हणे."

त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "वाढंदे मेल्या, तुका रगात व्हयाच. उद्या सकाळी ये. आणि कोणाक सांगू नको हां. तुझ्या त्या व्यायामशाळेतले मेले नजर लावतीत."

म्हणजे त्यांनाही नियम माहीत होता, तोही कोणी न सांगता.

दुसऱ्या दिवसापासून दिवसाआड त्या माझ्यासाठी बीट किसून पंच्याच्या फडक्यातून पिळायच्या. त्यांची बोटं दुपारपर्यंत लाल असायची, आणि जेवायला येणारे विचारायचे, "मावशी, आज कोणाचा मुडदा पाडला?" त्या म्हणायच्या, "विचारणाऱ्याचा." अर्धा पेला रस, त्यात गूळ. वास ओल्या मातीचा. मी श्वास रोखून प्यायचो आणि मैदानावर पळायला जायचो. खरं सांगतो, फरक पडला. तिसरी फेरी सोपी झाली, चौथीही निघाली. रसामुळे की रोज पळत होतो म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण एक माणूस फक्त माझ्यासाठी पहाटे उठून किसणी हातात घेतो, याचाच मला मोठा आधार होता.

परीक्षेच्या दिवशी मावशींनी अर्ध्याच्या जागी दोन पूर्ण पेले पुढे ठेवले.

"इतकं?"

"आज लागतला. पी गुपचूप."

मी प्यायलो.

कंपनीचं मैदान गवत कापून सपाट केलेलं होतं. आम्ही साठेक जण असू. शर्ट काढून रांगेत बसवलं. एकमेकांना नावाने कोण ओळखणार, म्हणून राहत्या ठिकाणाच्या नावाने हाका सुरू झाल्या. माझ्या पुढचा 'घाटकोपर', मागचा 'कांजूर', मी 'भांडुप'. घाटकोपर सतत बडबडत होता.

"भांडुप, काय खाऊन आलास रे?"

"पेज."

"बस? मी चार अंडी मारली. आता पोटात कोंबड्या भांडतायत यार."

मी धावलो. आठवा आलो. दोर चढताना तळहात सोलले, पण चढलो. गोणी खांद्यावर घेतली तेव्हा एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली. दात आवळून रेषेपार गेलो. दुपारी बावीस जणांची नावं वाचली, त्यात माझं होतं. घाटकोपरचंही होतं. त्याने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी खोकलोच. घ्यायचे होते दहा, पण माझा नंबर पहिल्या दहांत होता, आणि मैदानात निघालेला माणूस डॉक्टरीत सहसा पडत नाही, असं सगळे म्हणत होते. मला आईच्या पत्राचा मजकूरही सुचायला लागला होता.

मग दवाखान्याबाहेर रांग लावली. उंची, वजन, छाती फुगवून माप. कंपाउंडरने प्रत्येकाच्या हातात काचेची एकेक बाटली दिली आणि मोरीकडे बोट दाखवलं.

मी बाटली भरली आणि उजेडात धरली. लाल. सरबतासारखी लाल.

इतके दिवस मला हे दिसलं कसं नाही, असं कोणी विचारेल. आमच्या चाळीच्या संडासात दिवा नव्हता. कारखान्याच्या मोरीतून दिवसभर गंजाचं पाणी वाहायचं, तिथे सगळंच तांबडं. शिवाय अर्ध्या पेल्याचं कितीसं दिसणार? पण तेव्हा यातलं काही माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात एकच आलं, की जेवढं रक्त मावशींनी पिळून घातलं, तेवढं सगळं बाहेर पडलं.

कंपाउंडरने बाटली घेतली आणि त्याचा चेहरा बदलला. "डॉक्टरसाहेब," त्याने आत हाक मारली, "हे बघा जरा."

डॉक्टर पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यातले. त्यांनी बाटली खिडकीपाशी नेली, मग मला टेबलावर झोपवून दोन्ही कुशीत बोटं दाबली.

"इथे दुखतं?"

"नाही."

"लघवीला आग? पडला होतास कुठे? लाथ लागली?"

"नाही, साहेब."

"सकाळपासून काय खाल्लंस, काय प्यालास?"

माझ्या जिभेवर शब्द आला होता. पण खुराक सांगायचा नाही. आणि दारात घाटकोपर, कांजूर, सगळे माना उंच करून ऐकत उभे. त्यात आणखी एक भीती मी स्वतःच तयार केली: काहीतरी पिऊन धावलो म्हटलं तर लबाडी ठरेल, मैदानावरचा नंबरही जाईल.

"पेज," मी म्हटलं.

"आणखी?"

"काही नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "लघवीतून रक्त जातंय तुझ्या. मूत्रपिंडाचं काही असू शकतं. मोठ्या हॉस्पिटलात दाखव, उद्याच. मी तुला पुढे पाठवू शकत नाही."

मी शर्ट हातात घेऊन बाहेर आलो. पायऱ्यांवर बसलो. बाकीचे आत-बाहेर करत होते. घाटकोपर आपली तपासणी करून बाहेर आला आणि पहिल्यांदाच न बडबडता माझ्या शेजारी बसला. मला नोकरीचं काही वाटेनासं झालं होतं. मी मरणार होतो. गावी कोण कळवेल, खोलीतलं कोण प्रेताबरोबर एसटीने जाईल, इथवर माझी मजल गेली होती. मग वाटलं, मावशींना काय सांगायचं? रस अंगी लागला नाही एवढंच? की त्या रसानेच काही केलं? त्या बाईला जन्मभर ते लागून राहील. त्यांना काही सांगण्याआधी मला खरं काय ते कळायला हवं होतं.

मी उठलो आणि पुन्हा आत गेलो. कंपाउंडर म्हणाला, "अरे ए भांडुप, तुझं झालं ना?"

"साहेब," मी डॉक्टरांना म्हटलं, "बिटाच्या रसाने किडनी जाते का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती प्यालास?"

"दोन पेले. मोठे."

"मघाशी विचारलं तेव्हा का नाही बोललास?"

"खुराक सांगायचा नसतो, साहेब."

कंपाउंडर तोंडावर हात ठेवून बाहेर पळाला. डॉक्टर मात्र हसले नाहीत, निदान लगेच नाहीत. बाटलीकडे बघत म्हणाले, "गाढवा, मी तुला मरायला टाकलं होतं कागदावर." मग मला तांब्याभर पाणी प्यायला लावलं, तासाभराने पुन्हा पाणी, पुन्हा बाटली. संध्याकाळपर्यंत तिसऱ्या बाटलीत रंग गुलाबी झाला होता. त्यांनी त्यात काहीतरी थेंब टाकून बघितले. रक्त नव्हतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाया पडायला वाकलो तसं त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं आणि बोटाने माझी खालची पापणी ओढली.

"थांब. बीट सगळ्यांच्या लघवीत असं उतरत नाही. अंगात लोह कमी असलं की जास्त उतरतं." त्यांनी माझ्या बोटाला सुई टोचली, टीपकागदावर थेंब घेतला आणि रंगांच्या एका पट्टीशेजारी धरला. थेंब फिका होता, ते मलाही कळलं. "बघ. रक्त वाढावं म्हणून प्यालास आणि त्यानेच तुझी चहाडी केली. गावी अनवाणी फिरायचास?"

"सगळेच फिरतात."

"जंत असणार पोटात. तू ज्याला खुराक घालत होतास तो दुसराच कोणीतरी खात होता. चहा किती पितोस?"

"सात-आठ होतात. काळा."

"होतात! अरे, धुरात शिडीवर चढायचंय तुला. मघाशी गोणी घेताना अंधारी आली होती का?"

या वेळी मी खोटं बोललो नाही. "आली होती."

त्यांनी माझा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "सहा आठवड्यांनी ये. जागा धरून ठेवणं माझ्या हातात नाही. पण कागदावर नापास लिहीत नाही, पुन्हा तपासणी लिहितो." त्यांनी कपाटातून जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या काढून दिल्या. "गोळीवर चहा प्यायचा नाही. लिंबू चालेल. आणि आता शौचाला काळं होईल. तेवढ्याला घाबरून इथे पळत येऊ नकोस."

मावशींना मी सगळं सांगितलं. बिटाचा काही दोष नाही, उलट त्याच्यामुळेच खरं कळलं, हे चार-चारदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरात बीट आलं नाही. माझ्या ताटात मात्र काय काय यायला लागलं. अळूचं फतफतं, नाचणीची भाकरी, शिंपल्यातल्या तिसऱ्यांची आमटी, कुळथाचं पिठलं. जेवताना चहा मागितला तर आमटीची वाटी ओढून घ्यायच्या. एकदा शेजारच्या बाईला सांगताना ऐकलं, "त्याची नोकरी माझ्या हातान गेली."

मी जेवत राहिलो.

पाचव्या आठवड्यात कारखान्याचं शेवटचं सामान ट्रकवर चढलं. मीही हात लावला. सहाव्या आठवड्यात रोज सकाळी पळत होतो, कोणत्याही खुराकाशिवाय. वस्ताद एके दिवशी म्हणाले, "पाचवी फेरी आहे ही तुझी, माहितीय?" मला माहीत नव्हतं. मी मोजायचं विसरलो होतो.

मी पुन्हा कंपनीत गेलो तेव्हा दहापैकी नऊ जण भरले गेले होते. दहावी जागा का राहिली ते मी कधी विचारलं नाही, आणि डॉक्टरांनीही सांगितलं नाही. त्यांनी बाटली बघितली, बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीशेजारी धरला. या वेळी थेंब गडद होता, तेही मला कळलं. त्यांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "चल, पुढचा."

मी भांडुपला उतरलो तो धावतच चाळ चढलो. मावशी दारात विळीवर बांगडे साफ करत बसल्या होत्या. तळहात रक्ताने माखलेले. मी म्हटलं, "मावशी, झालं. सही झाली."

त्यांनी मान वर केली नाही. "आणि रगात?"

"पुरेसं आहे म्हणाले."

"पुरेसा म्हणजे किती?"

"मावशी, नोकरी लागली!"

"ता आयकलंय. रगात किती ता सांग."

मी त्यांच्या पायाशी वाकलो, तशा त्या विळीसकट मागे सरकल्या. "सर मेल्या, हात बघ माझे. शिवू नको." आणि मग, मनगटाने डोळे पुसत म्हणाल्या, "जा, हातपाय धू. बांगडो तळूक घेतंय."